तिथी बघा आणि मग तारकर्ली: मित्रांसोबतच्या एका निवांत दिवसाची आखणी

पहिल्यांदा आम्ही पाच जण मालवणजवळच्या तारकर्लीला गेलो तेव्हा एका दिवसात सात 'पॉइंट' करायचे ठरवले होते. सकाळी किल्ला, मग स्कूबा, मग डॉल्फिन, मग देवबागचा संगम, त्सुनामी आयलंड, निवती, सूर्यास्त. यादी आमच्यातल्या एकाने एक्सेलमध्ये केली होती, वेळेच्या रकान्यासह. त्सुनामी आयलंडवर, म्हणजे खाडीतल्या वाळूच्या बेटावर, पोचलो तेव्हा आयलंड नव्हतंच. गुडघ्याच्या वर पाणी, त्यात ताटकळत उभे राहिलेले पन्नासेक पर्यटक, आणि पाण्यातच मांडलेल्या दोन-चार प्लास्टिकच्या खुर्च्या. होडीवाले काका बिडी शिलगावत म्हणाले, "तिथ बघून येवक व्हया होता."

त्यानंतर चार-पाच वेळा जाणं झालं. आता आमची आखणी त्या एका वाक्यावर चालते. मालवणच्या किनाऱ्यावर निवांत दिवस घालवायचा असेल तर घड्याळाआधी पंचांग उघडायचं, कारण किनारा किती रुंद असेल, खाडीतली वाळू वर असेल की खाली, कुठे पोहता येईल आणि कुठून लांब राहायचं, हे सगळं भरती-ओहोटी ठरवते. बाकीचं आपोआप जागेवर पडतं.

कधी जायचं, कसं जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. हवा सुसह्य, समुद्र शांत, पाणी नितळ. मार्च-एप्रिलमध्येही जमतं, पण दुपारी अकरानंतर वाळूवर पाय ठेववत नाही. मे महिन्यात आंबे-फणस-काजूची चंगळ असते आणि गर्दीही तेवढीच. मे अखेर ते ऑगस्ट अखेर किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, म्हणजे ताटात ताजं असं थोडंच येतं. पावसातलं कोकण सुंदर असतं, पण तो वेगळा प्रवास आहे.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. हे मी हट्टाने सांगतो. त्या आठवड्यात तारकर्लीचा अरुंद रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो आणि खोल्यांचे दर ओळखू येत नाहीत. त्याऐवजी जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार-बुधवार साधला, तर तोच किनारा अर्धा तुमचा असतो.

मुंबईहून मालवण जवळपास 500 किलोमीटर. गाडी चालवत गेलात तर पहिला दिवस कंबर सरळ करण्यात जातो, म्हणून आम्ही रेल्वेने जातो. कोकणकन्या किंवा तुतारीने रात्री निघायचं आणि सकाळी कुडाळला उतरायचं. तिथून मालवण रिक्षाने किंवा एसटीने तासाभराच्या आत. वंदे भारतने येणाऱ्यांनी कणकवलीला उतरावं, कुडाळला ती थांबत नाही. कोल्हापूर-बेळगावकडच्या मंडळींना घाट उतरून गाडीनेच सोयीचं. रेल्वेची तिकिटं मात्र आरक्षण उघडल्या उघडल्या काढा. गणपती, दिवाळी, मे यांत कोकणच्या गाड्यांची प्रतीक्षा यादी किती लांबते हे चाकरमान्यांना विचारा.

मुक्काम मालवण शहरात, तारकर्लीत की देवबागला? शहरात बाजार आणि बंदर हाताशी, पण समुद्रस्नानासाठी बाहेर पडावं लागतं. तारकर्ली मालवणच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर आहे. सुरूची बनं, लांबलचक पांढरी वाळू, एमटीडीसीचं निवासस्थान आणि दोन्ही बाजूंना घरगुती खोल्या. देवबाग त्याच्याही पुढे, जमिनीची एक निमुळती पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांत लपलेली घरं. आमचा कौल देवबागला. सकाळी एका दारातून समुद्र आणि दुसऱ्या दारातून खाडी दिसते, असं ठिकाण महाराष्ट्रात फार नाही. खोली घेताना एसी-टीव्हीची चौकशी कमी करा आणि एकच प्रश्न विचारा: स्वयंपाक घरातलं माणूस करतं का? उत्तर 'होय' आलं की पैसे पाठवून मोकळे व्हा.

आदल्या रात्रीचं काम: पाऊणपट

कोकणातले जुने लोक भरतीची वेळ बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो की कृष्ण, पक्षाने फरक पडत नाही. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, जिला मालवणीत सुकती म्हणतात. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, कारण चंद्र तेवढा उशिरा डोक्यावर येतो.

हा हिशोब मुंबईच्या पाण्याला जवळचा. मालवण दक्षिणेला, तिथे भरती पाऊण-एक तास आधीच येते. म्हणून पाऊणपटीतून तेवढं वजा करा. आलेली वेळ अंदाजाची असते, पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होणारच. मोबाइलवर भरतीचं कोष्टक मिळतं, ते ताडून बघा, आणि शेवटचा शब्द होडीवाल्याचा.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाणाची भरती असते. पाणी खूप चढतं, तेवढंच खूप उतरतं आणि आत-बाहेर करताना जोराने वाहतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे पाण्याचं चढणं-उतरणं बेताचं.

यावरून दिवस कसा लावायचा? आमचे ठोकताळे असे.

चतुर्थी ते सप्तमी असेल तर पूर्ण ओहोटी सकाळी साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान लागते. मग सकाळ देवबागच्या खाडीत. वाळूचं बेट त्या वेळी वर असतं, ऊन कोवळं असतं आणि वारा पडलेला असतो.

त्रयोदशी ते प्रतिपदा असेल तर सकाळी पाणी भरलेलं आणि दुपार कलता कलता ओहोटी. मग सकाळी किल्ला, आणि संध्याकाळी तारकर्लीची रुंद, ओलसर, कडक वाळू क्रिकेटसाठी.

अष्टमी-नवमीच्या सुमाराला ओहोटी भर दुपारी असते. पाणी फार हलत नसल्याने गढूळपणा कमी, म्हणून स्नॉर्केलिंग किंवा स्कूबा करायचं असेल तर हे दिवस धरा.

तिन्ही गोष्टी एका दिवसात बसवायच्या नाहीत. आमच्या एक्सेलवाल्या मित्राला हे अजून पटलेलं नाही.

समुद्रातलं जे काही असेल ते सकाळीच का, याचंही कारण आहे. दिवस चढला की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा सुटतो. दुपारी एक-दीडनंतर पाण्यावर लाटांच्या घड्या पडायला लागतात. होडी आपटते, कपडे भिजतात, ज्याला प्रवासात मळमळतं त्याचा चेहरा हिरवा होतो. सकाळी आठला हेच पाणी तेलासारखं असतं.

त्याच रात्री आणखी दोन कामं उरका. होडी ठरवा, आणि उद्या दुपारच्या जेवणाला किती माणसं आणि कोणता मासा हे वयनींना सांगा. वयनी म्हणजे ज्यांच्या घरी उतरलात त्या. दोन दिवसांत तुम्हीही त्यांना याच नावाने हाक मारायला लागाल.

सकाळ, सहा ते आठ: काहीही ठरवू नका, फक्त चालत सुटा

जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तोही मागच्या डोंगरांवरून. किनारा बराच वेळ सावलीत असतो, वाळू थंडगार. चहा घ्या आणि अनवाणी निघा. नशीब असेल तर रापण दिसेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगांत उभी राहिलेली माणसं ते हळूहळू ओढतात. या कामाला तास-दोन तास सहज लागतात. गावातली अनेक घरं मिळून एक रापण चालवतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात.

तिथे गेल्यावर फोटो काढत घिरट्या घालू नका. विचारा, "हात लावू काय?" बहुतेक वेळा दोर हातात मिळतो. पाच मिनिटांत तळहात लाल होतात आणि बांगड्याचा भाव का वाढतो हे समजतं. जाळं वर आलं की कधी पेडव्यांची चांदी, कधी नुसते कचऱ्यातले खेकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या. आम्ही गेलो त्यातल्या एका सकाळी दीड तास ओढून जेमतेम दोन टोपल्या निघाल्या होत्या. कोणीही वैतागलं नाही. आम्हीच उगीच हळहळत होतो.

न्याहारीला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, नाहीतर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. पोटभर खाऊ नका, होडीत बसायचंय.

सकाळ, आठ ते अकरा: खाडी किंवा किल्ला

*खाडीचा दिवस असेल तर* देवबागच्या खाडीकाठावरून होडी सुटते. माणशी दर घेणाऱ्या होड्या असतात आणि अख्खी होडी ठरवता येणाऱ्याही. चार-सहा जण असाल तर अख्खी घ्या. डोकी भरेपर्यंत थांबावं लागत नाही आणि मुख्य म्हणजे कुठे किती वेळ रेंगाळायचं ते तुमच्या हातात राहतं. ठरवताना तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: कुठे कुठे नेणार, एकूण किती वेळ, आणि बेटावर किती वेळ थांबणार. "सगळे पॉइंट दाखवतो" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं.

होडी आधी संगमाकडे जाते, जिथे कर्ली समुद्राला मिळते. पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो. समुद्र शांत असेल तर होडी बाहेर काढून डॉल्फिन दाखवायला नेतात. डॉल्फिन दिसतीलच असं नाही. दिसले तर होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. त्यांचा पाठलाग करणारी होडी बघितली की मला वरातीत नवरदेवाच्या मागे लागलेले फोटोग्राफर आठवतात. इंजिन बंद करून दहा मिनिटं गप्प बसलं की पाण्यातून 'फुस्स' असा श्वासाचा आवाज येतो. तो आवाज लक्षात राहतो, शेपटीचा फोटो नाही.

परतताना वाळूचं बेट, म्हणजे ते त्सुनामी आयलंड. 2004 च्या त्सुनामीनंतर ही वाळू वर आली असं इथे सांगतात, म्हणून हे नाव. नदीने आणलेला गाळ आणि समुद्राने परत ढकललेली वाळू यांच्या रस्सीखेचीत असे दांडे बनतात, सरकतात. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं, म्हणजे वाळू उघडी पडताना दिसते. जेट स्की, बनाना राइड वगैरे तिथे असतं. ज्याला हौस आहे त्याने जावं. बाकीच्यांनी घोट्याएवढ्या कोमट पाण्यात बसून राहावं. आमचा एक मित्र दर वेळी तिथे बसून पेपर वाचतो. पेपर तो घरून आणतो.

*किल्ल्याचा दिवस असेल तर* मालवणच्या जेटीवरून सकाळची पहिली किंवा दुसरी होडी धरा. समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली आणि 1667 मध्ये काम पुरं झालं. पायाभरणीची पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावरच आहे, चालत जाता येतं. बहुतेक पर्यटक तो न बघताच होडीत चढतात.

किल्ल्याचं क्षेत्र 48 एकर. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तो दोन बुरुजांच्या वळणात लपवला आहे. शत्रूचं गलबत थेट समोर येऊन तोफ डागू शकू नये अशी ती योजना. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी तर थांबून बघाव्यात. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे पिण्याजोगा झरा. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसाही इथे जपला आहे.

होडीवाले परतीची वेळ तासाभराची देतात. ती पुरत नाही. उतरतानाच विचारून घ्या की पुढच्या होडीने परत आलो तर चालेल का. मग घाई न करता तटावरून चाला. टोपी आणि पाणी बरोबर हवंच, तटावर सावली नाही.

*स्नॉर्केलिंग-स्कूबाविषयी थोडं.* किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि हा भाग मालवण सागरी अभयारण्याचा आहे. 1987 मध्ये ते जाहीर झालं, एकूण क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाबरोबर खाली नेतात. कान दडपले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि दुखेपर्यंत थांबायचं नाही, आधीच करायचं. सर्दी, दमा, हृदयाचा त्रास, गरोदरपण, आदल्या रात्रीची दारू, यांपैकी काहीही असेल तर किनाऱ्यावर बसा, लाज वाटून घेऊ नका. त्याच दिवशी विमान पकडायचं असेल तरी नको. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र बघायला मागा. जो दाखवायला कुरकुरतो त्याच्याबरोबर खाली जाऊ नका. आणि प्रवाळावर पाय ठेवू नका, तो दगड नाही, जीव आहे.

पाण्यात उतरण्यापूर्वी हे वाचाच

तारकर्लीचं पाणी इतकं नितळ आणि शांत दिसतं की माणूस बेसावध होतो. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ विद्यार्थी बुडाले. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. म्हणून या भागात मी विनोद करत नाही.

होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट घाला आणि कमरेचे पट्टे आवळा. गळ्यात नुसतं अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. होडीत जास्त माणसं कोंबत असतील तर उतरा. पैसे गेले तरी उतरा.

संगमाच्या तोंडाशी पोहू नका, विशेषतः ओहोटीच्या वेळी. नदीचं पाणी आणि खाडीत भरलेलं भरतीचं पाणी एकाच अरुंद तोंडातून बाहेर पडत असतं, त्याची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. उधाणाच्या दिवसांत तर नावच काढू नका.

मोकळ्या किनाऱ्यावरही ओढीचे पट्टे असतात. शेजारी लाटा फुटताहेत आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, किंचित गढूळ, फेस आत वाहून नेणारा दिसला, तर तोच धोक्याचा. गंमत अशी की नवखी माणसं 'इथे लाटा नाहीत' म्हणून नेमकी तिथेच उतरतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर परत या. तेही जमत नसेल तर उताणं तरंगत राहा आणि हात वर करा.

आमचा नियम साधा आहे. एक जण कायम किनाऱ्यावर, पाळीपाळीने. कमरेच्या वर पाणी नाही. काळोख पडल्यावर पाणी नाही. बिअर उघडली की त्या माणसासाठी समुद्र त्या दिवसापुरता संपला. आणि ज्या घरी उतरलात त्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही नव्या जागी उतरू नका. ती माणसं लहानपणापासून ते पाणी बघत आली आहेत.

दुपार, बारा ते चार: जेवण आणि काहीच न करणं

दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. अकरा-साडेअकराला परत या, गोड्या पाण्याने अंघोळ करा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसा.

माशाची निवड वयनींवर सोपवा, पण दोन-तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. सुरमई आणि पापलेट शहरातही मिळतात. इथे आलात तर बांगडा खा, पेडवे खा, तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर त्यांचं सुकं मागा. मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, मटण मिळत असेल तर एकदा चाखा. बांगडा किंवा पेडव्याच्या तिखल्यात तिरफळ पडलेलं असतं, ते चावू नका, बाजूला काढा. आमच्यातल्या एकाने कौतुकाने चावलं होतं, त्याची जीभ अर्धा तास बधिर होती. मासा स्वतः विकत घेणार असाल तर कल्ला उघडून बघा. आत लालभडक असेल, डोळा फुगीर आणि चकचकीत असेल, बोटाने दाबल्यावर खळगा राहत नसेल, तर घ्या. सोमवारी आणि गुरुवारी इथल्या बऱ्याच घरी मासे खात नाहीत. त्या दिवशी वयनी तुम्हाला करून घालतील, पण स्वतः चव बघणार नाहीत, तेव्हा मीठ कमी पडलं तर मुकाट्याने वरून घ्या.

कोंबडी-वडे हवे असतील तर ते आदल्या दिवशीच सांगायला हवेत. वड्यांचं पीठ तांदूळ, उडीद, मेथी, धणे यांचं, ते भिजवून ठेवावं लागतं. ऐनवेळी सांगितलंत तर पुऱ्या मिळतील, वडे नाही. आमच्यात एक शाकाहारी आहे. पहिल्यांदा तो बटाट्याची भाजी खाऊन परतला होता. आता त्याच्यासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे असतात आणि आम्ही आमचे मासे सोडून त्याच्या ताटात हात घालतो.

सोलकढी शेवटी, भातावर अर्धी आणि वाटीने अर्धी. रंग फिका गुलाबी असेल आणि वर नारळाच्या रसाची साय दिसत असेल तर घरची. भडक जांभळट-लाल दिसली तर आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि पाणीच जास्त आहे असं समजा.

मग झोप. सुरूच्या बनात झोपाळा बांधलेला असेल तर तिथे, नाहीतर ओटीवर चटई टाकून. पत्त्यांचा जोड घेऊन जा. दोन ते चार या वेळात 'आता कुठे जायचं?' असं विचारणाऱ्याने सगळ्यांसाठी चहा करायचा असा आमच्यात दंड आहे. गटात असा एक तरी उत्साही असतोच, त्यामुळे चहा कधी चुकत नाही.

संध्याकाळ

चारनंतर पर्याय दोनच. एक, तारकर्लीच्या किनाऱ्यावर निवांत पडून राहणं. ओहोटी असेल तर पाण्याजवळची वाळू कडक होते, तिच्यावर सायकलसुद्धा चालते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान बुडतो, म्हणून साडेपाचला जागा पकडा.

दुसरा पर्याय, मालवण बंदर. होड्या परतल्या की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागतो. ढीग वाळूत मांडलेले, भोवती माणसांचं कडं, आणि आकडे इतक्या भराभर चढतात की ऐकता ऐकता सौदा झालेला असतो. तिथे मधे उभं राहू नका, पाट्या घेऊन धावणाऱ्या बायका तुम्हाला बाजूला सारतील आणि ते योग्यच आहे. तिथून बाजारात: मालवणी खाजं, कोकम, आगळ, काजू, फणसपोळी, घरगुती मालवणी मसाला. खाजं घेताना एक तुकडा चाखून बघा. आल्याचा झणका लागला पाहिजे आणि गूळ दाताला चिकटता कामा नये. हिवाळ्यात आसपासच्या गावांत जत्रा असतात आणि रात्री दशावतार. कुठे आहे ते वयनींना विचारा. 'नाटक' उशिरा उभं राहतं, पहाटेपर्यंत चालतं. जायचं असेल तर दुपारची झोप नीट घ्या.

पैसे आणि पिशवी

दर मी लिहीत नाही, ते हंगामाप्रमाणे आणि वाराप्रमाणे हलतात. होडी, स्कूबा, जेवण यांचे भाव आदल्या संध्याकाळी दोन ठिकाणी विचारले की अंदाज येतो. घासाघीस होडीला चालते, जेवणाला करू नका. रोख थोडी जवळ असू द्या, देवबागात नेटवर्क रुसलं की मोबाइलचे पैसे हलत नाहीत. हिशोबासाठी निघतानाच प्रत्येकी ठरावीक रक्कम एकाकडे जमा करा. मैत्री टिकवण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय माझ्या पाहण्यात नाही. ही रक्कम आमच्यात एक्सेलवाल्याकडेच असते.

पिशवीत सुती कपडे, पट्ट्याच्या चपला (खडकावर कालवांच्या धारेने पाय कापतो), टोपी, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी, मळमळीवरची गोळी आणि ओडोमॉस. खाडीकाठचे डास संध्याकाळी सहाला हजर होतात. रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं परत आणायची पिशवी वेगळी.

सुके बांगडे घेतलेत तर तीन पिशव्यांत बांधा, मग डब्यात घाला, आणि तो डबा सामानाच्या तळाशी ठेवा. आम्ही एका परतीच्या प्रवासात ते एकाच पिशवीत बांधून वरच्या बर्थवर ठेवले होते. पनवेलपर्यंत डब्यातल्या अर्ध्या लोकांनी वळून वळून आमच्याकडे पाहिलं, आणि उरलेल्या अर्ध्यांनी विचारलं, "मालवणात कुठे घेतलेत?"